वाघोबाची खीर कोणी खाल्ली?

डोंगराचा एक मोठा गुण आहे. त्याचा फोटो काढून झाला की तो पुढं होऊन "बघू बरं" म्हणत नाही.

मंचरला माझा स्टुडिओ होता तेव्हा निम्मं आयुष्य या दोन शब्दांत गेलं. बघू बरं, मी जाड दिसते का. बघू बरं, फेटा वाकडा आलाय का. लग्नात नवरदेवाचे डोळे मिटलेले आले तर चूक नवरदेवाची नसायची, माझी असायची. ग्रुप फोटोत नवरीचा मामा अर्धा कापला गेला म्हणून एक घर माझ्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हतं. मामा आयत्या वेळी चपला शोधायला उठला होता, हे कुणी लक्षात घेतलं नाही. आधार कार्डावरचा फोटो भुतासारखा आला म्हणून भांडायला लोक माझ्याकडे यायचे, आणि तो मी काढलेलाही नसायचा.

मग घराघरात मोबाइल आला आणि भांडायलाही कुणी येईना. मी शटर ओढून घेतलं आणि घरी जाहीर केलं की इथून पुढं डोंगर, आकाश आणि जनावरं यांचेच फोटो काढणार. बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, "आन फोटो न्यायला कोन येनार? डोंगर?"

डोंगर आला नाही, पण माणसं आली. कॅलेंडरवाले आले, शेतावर पर्यटकांना ठेवून घेणारे आले, पुण्याहून महागडे कॅमेरे गळ्यात घालून हौशी मंडळी आली. त्यांना आपल्या भागातल्या जागा दाखवायच्या, हे माझं नवं काम झालं. एका गृहस्थांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "बिबट्या साधारण किती वाजता येतो?" मी म्हटलं, एसटीचं वेळापत्रक पाळत असता तर सांगितलं असतं. दुसऱ्या एकाला त्याच्या हॉटेलच्या बरोबर छपरावर आकाशगंगा हवी होती. ती त्या ऋतूत तिथून दिसत नाही म्हटल्यावर त्यानं हॉटेल मालकाच्या आवाजात सांगितलं, "काहीतरी ॲडजस्ट करा की राव." त्याचं हॉटेल अजून आहे. आकाशगंगाही आहे, पण तिच्या जागी.

बाहेरच्या माणसाला वाटतं की या धंद्यात कॅमेरा हे मुख्य हत्यार. मुख्य हत्यार म्हणजे बसणं. लोणीच्या बाजूला पाऊस कमी, माळ उघडा, टेकड्या बोडक्या. उन्हाळ्यात तिथं गवताची काडीसुद्धा सावली मागते. त्या माळावर चिंकारा दिसतो म्हणून मी कितीतरी सकाळी एका खडकाला टेकून बसलेलो आहे. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर घरी जावं, कारण आपला वास त्याला आपल्या आधी भेटतो. डोक्याला वासाचं तेल लावून आलेल्या माणसाला मी गाडीतच बसवून ठेवतो. हिरव्यागार पावसाळ्याचे फोटो सगळेच काढतात. मला मात्र मे महिन्यातला करपलेला डोंगर आवडतो. तेव्हा त्याची हाडं दिसतात आणि कोवळ्या उन्हात एकेक थर वाचता येतो. लोक म्हणतात, यात काय बघायचं? मी म्हणतो, बसा थोडं.

आकाशाचं काम त्याहून सोपं आणि त्याहून अवघड. कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा, म्हणजे आपल्या डोळ्याला न दिसणारे तारेही त्यात उतरतात. त्यासाठी चंद्र नको आणि आसपास दिवे नकोत. चंद्र पंचांगाप्रमाणे वागतो, दिव्यांचं तसं नाही. पूर्वी अवसरीच्या आमच्या घराच्या पत्र्यावरून मला जे आकाश दिसायचं ते आता दिसत नाही. रस्त्याचे दिवे झाले, कांद्याच्या चाळींवर दिवे झाले, आळेफाट्याचा उजेड तर ढगांनाच चिकटलेला असतो. लोकांना उजेड मिळाला याचं वाईट कसं वाटून घ्यायचं? तरी वाटतं. म्हणून मी पश्चिमेकडे सरकत गेलो. मढच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे, तिथं मला हवा तसा अंधार सापडला. वाडीचं नाव मी सांगणार नाही. ज्या बाईंमुळे सांगणार नाही त्यांचीच ही हकिगत आहे.

या वाडीच्या वर, गुरांच्या वाटेवर वाघोबाचा दगड आहे. त्यावर चार पाय आणि उचललेली शेपटी एवढंच आता ओळखू येतं. बाजूला चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. डोंगरातली माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याला जेवू घालतात. त्या दिवशी घराघरातून दूध गोळा होतं, दगडापाशीच चूल मांडून तांदळाची खीर शिजते, सगळे जेवतात आणि उतरताना एक पातेलं भरून वाघोबापुढं ठेवतात. मग मागं वळून बघायचं नाही आणि सकाळपर्यंत कुणी वर फिरकायचं नाही. सकाळी पातेलं रिकामं असतं. खीर वाघोबाला पावली, आता वर्षभर तो आपल्या गुरांच्या वाटेला जाणार नाही, असा हा करार.

वाघबारस येते ती अमावस्येच्या जरा आधी. म्हणजे काळीकुट्ट रात्र, धुवून निघालेलं आकाश आणि दगडाच्या मागं उगवणारं मृग नक्षत्र. त्यात वाघ स्वतः आला तर! हा फोटो माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं बसून होता. यासाठी आपण तिथं थांबायचं नसतं. कॅमेरा झाडाला बांधून ठेवायचा, शेजारी एक डबी लावायची. अंगात ऊब असलेलं काहीही पुढून गेलं की ती डबी कॅमेऱ्याचं बटण दाबते. फ्लॅशवर मी फडकं गुंडाळतो, म्हणजे जनावर बिचकत नाही.

याची परवानगी मागायला मी वाडीत गेलो तेव्हा देवळापुढं भांडण चालू होतं. हिराबाई आणि त्यांचे चुलत दीर कोंडिबा समोरासमोर होते. वाघोबाची पूजा कोंडिबांच्या घराकडे, आणि हिराबाईंची दुभती शेळी गेल्याच पंधरवड्यात पडवीतून गेलेली. दावं तुटलेलं सापडलं, शेळी नाही. हिराबाईंचं म्हणणं, वनखात्याकडून पिंजरा आणा आणि वाघ घेऊन जाऊ द्या. निम्मी वाडी त्यांच्या बाजूनं होती. कोंडिबांचं म्हणणं, गेल्या साली त्यानं आपली खीर खाल्ली, आपला शब्द दिला-घेतलेला आहे; शेळी नेणारा दुसरा कुठला तरी उपरा असेल. एकदा आपण आपला वाघ पिंजऱ्यात घातला तर त्याच्या जागी कोण येईल याचा भरवसा नाही. हे शेवटचं वाक्य वनखात्याची माणसंही सांगतात, पण कोंडिबांनी ते वाघोबाच्या हवाल्यानं सांगितलं.

"खाल्ली, खाल्ली म्हंता," हिराबाई म्हणाल्या, "पर बघितलंय कुनी? कुत्र्यानं खाल्ली असंल."

बघायचं नाही हाच तर नियम होता. तेवढ्यात सगळ्यांच्या नजरा माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेल्या. नियम माणसांना होता, कॅमेऱ्याबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नव्हतं. हिराबाईंनीच अट घातली. वाघानं खीर खाल्लेली दिसली तर त्या पिंजऱ्याचं नाव काढणार नाहीत. नाही खाल्ली तर कोंडिबांनी स्वतः जाऊन पिंजरा मागायचा.

कोंडिबांनी मला बाजूला नेऊन माझी चौकशी केली. कुठला, कोणाचा, देव कोणता. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव घोड नदीत सोडले. आमच्याकडे बुद्धाला फूल वाहतात, पण नवस नाही, नैवेद्य नाही, करारमदार नाही. मला वाटलं, आता हे म्हणतील की मग आमच्या देवापाशी कशाला येता. ते परत जाऊन सगळ्यांना म्हणाले, "हे बेस झालं. या पावन्यांना आपला वाघोबा न्हाई. ते त्याची बी बाजू घ्यायचे न्हाईत आन आपली बी."

आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकलेला नव्हता, अगदी नवरीच्या मामानंसुद्धा नाही. खरं सांगायचं तर मी अजिबात तटस्थ नव्हतो. मला फोटो हवा होता. त्याहून जास्त, तो वाघ त्या डोंगरावर राहायला हवा होता. हे मी कुणाला बोललो नाही.

वाघबारशीला सगळे वर गेलो. हिराबाईंनीही दूध आणलं. शेळी गेलेली, म्हणून गाईचं आणलं. रागानं आणलं, पण आणलं. निघताना पातेलं ठेवायची वेळ आली तेव्हा मी मधे तोंड घातलं. लखलखीत पातेल्यावर फ्लॅश उसळतो, म्हणून चुलीवरचं काळं भांडं ठेवता येईल का असं विचारलं. या एका बाबतीत दीर-भावजय एका सुरात मला बोलले. पाहुण्याला काळ्या भांड्यात कोण वाढतं? मी निमूटपणे फ्लॅशवर आणखी एक फडकं गुंडाळलं. मग सगळे मागं न बघता खाली उतरलो. मागं न बघता उतरणं किती कठीण असतं ते मला त्या संध्याकाळी कळलं.

सकाळी कोंडिबा, हिराबाई आणि मी वर गेलो, मागून निम्मी वाडी आली. पातेलं घासल्यासारखं स्वच्छ होतं. कोंडिबांनी दगडाला हात जोडले आणि भावजयीकडे असं काही बघितलं की पुढं बोलायची गरज नव्हती. मी झाडाचा कॅमेरा सोडला आणि पाठ फिरवून पडद्यावर एकेक फोटो बघू लागलो.

पहिल्या फोटोत उदमांजर होतं. तिकडे त्याला कांडेचोर म्हणतात. दुसऱ्यातही तेच. पुढं तर ते पुढचे दोन्ही पाय पातेल्यात घालून उभं होतं, मग अख्खं आत, मग बाहेर येऊन मिशा पुसताना. खीर त्यानं एकट्यानं संपवली होती, शेवटच्या शितापर्यंत. मी पुढं सरकत गेलो आणि शेवटून दुसऱ्या फोटोवर थांबलो.

वाघ होता. दगडाला अंग घासून उभा, मान खाली, तोंड पातेल्यात. अंगावरचा ठिपका न् ठिपका मोजता येईल असा. मागं दगडावर कोरलेला चंद्र, आणि त्याच्याही वर, डोंगराच्या कडेवर, मृगाचे तीन तारे. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

आणि लगेच दुसरा विचार आला. हा एकच फोटो दाखवला तर? वाघ आहे, पातेलं आहे, तोंड पातेल्यात आहे. कांडेचोराबद्दल कोण विचारतंय? पिंजरा टळेल, कोंडिबांची मान वर राहील, वाघ डोंगरावर राहील. सगळ्यांचं भलं. लग्नातल्या अल्बममधून मी डोळे मिटलेले किती नवरदेव काढून टाकले होते, त्यात एवढं काय?

तेवढ्यात खांद्यामागून हिराबाईंचा हात पुढं आला. "बघू बरं," त्या म्हणाल्या.

स्टुडिओ बंद केल्यापासून हे शब्द मी ऐकले नव्हते. या माणसांनी मला ज्या कारणासाठी निवडलं होतं ते मला आठवलं. मी मागं जाऊन पहिल्या फोटोपासून सुरुवात केली आणि कॅमेरा त्यांच्या हातात दिला. पुढं कसं जायचं तेही दाखवलं.

कांडेचोर पातेल्यात शिरलेलं बघून मागची मंडळी हसायला लागली. हिराबाईही हसल्या. कोंडिबा नाही हसले. ते दगडाशेजारी खाली बसले, आणि त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघून मला स्वतःचाच राग आला. कुठून हे यंत्र आणलं असं झालं. हिराबाई बटण दाबत राहिल्या. मग त्यांचं हसू थांबलं. त्या बराच वेळ एकाच फोटोवर होत्या.

"भांडं तवा रिकामं व्हतं?" त्यांनी मला विचारलं. मी होय म्हटलं. फोटो मोठा करून दाखवला. वाघाची जीभ पातेल्याच्या कोरड्या कडेला लागलेली दिसत होती.

शेवटच्या फोटोत वाघाची पाठ होती. तो कुठं निघालाय असं त्यांनी विचारलं. मी बोटानं दाखवलं, वर, कड्याकडे. वाडी खाली होती, तो वर गेला होता. त्यांनी मागं वळून सगळ्यांना विचारलं, रात्री कुणाचं काही गेलं का? कुणाचं काही गेलं नव्हतं. हा वाघ शेळी नेणाराच की दुसरा, हे मला सांगता येत नव्हतं, आणि तसं मी सांगितलंही.

हिराबाईंनी ते पातेलं उचललं, पदरानं पुसलं आणि कोंडिबांच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. "भावजी, पावना जेवायला आला आन आपन त्येला रिकामं भांडं चाटाय लावलं. उपाशी गेला, तरी खाली उतरला न्हाई. पिंजऱ्याचं ऱ्हाऊ द्या आता. आदी त्येचं जेवान द्या."

कोंडिबांनी वर बघितलं. मागून कुणीतरी शेळीची आठवण करून दिली. हिराबाई म्हणाल्या, शेळी मी विसरले नाही, तो हिशेब माझा न् त्याचा वेगळा. पण दारात आलेल्याला उपाशी घालवलं हे आधी फेडायला पाहिजे.

त्याच संध्याकाळी त्यांच्या घरून पुन्हा खीर वर गेली. मी आशेनं कॅमेरा घेऊन निघालो तर हिराबाईंनी मला पायरीवरच अडवलं. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघतात का, असं विचारलं. त्यामुळे त्या रात्रीचा फोटो नाही. सकाळी पातेलं स्वच्छ होतं. खीर कोणी खाल्ली याची या खेपेला कुणीही चौकशी केली नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून पिंजरा आलेला नाही. हिराबाईंनी नवी शेळी घेतली, पडवीला जाळीचं दार करून घेतलं. वाघाचे ठसे गुरांच्या वाटेवर अधूनमधून दिसतात. कोंडिबा दर वाघबारशीला मला निरोप धाडतात, कॅमेरा आणा म्हणून नाही, जेवायला या म्हणून.

त्या फोटोची मात्र एक गोष्ट राहिली. मला तो पुण्याच्या प्रदर्शनात लावायचा होता. परवानगीसाठी मी प्रिंट काढून हिराबाईंकडे गेलो. त्यांनी तो नीट बघितला, छान आलाय म्हणाल्या आणि परत माझ्या हातात दिला. लोकांना दाखवायचा नाही. आमच्या दारचा पाहुणा रिकामं भांडं चाटतोय, हे चारचौघांनी का बघावं? आणि वाडीचं नाव तर कुणाला सांगायचंच नाही.

हा फोटो जगानं बघितला असता तर माझं थोडंफार नाव झालं असतं, ही हळहळ मी लपवत नाही. पण माझ्या आधीच्या गिऱ्हाइकांना फोटोत स्वतः कसे दिसतो याची काळजी असायची. पाहुण्याचं पोट फोटोत रिकामं दिसतं म्हणून हरकत घेणारं गिऱ्हाईक मला हे एकच भेटलं. त्यांचं ऐकायला मला जड गेलं नाही. फोटो घरी आहे. कधीतरी काढून बघतो आणि पुन्हा ठेवून देतो.

संपादकांनी या लेखाबरोबर वाघाचा फोटो मागितला होता, म्हणून हे सगळं सांगावं लागलं. सोबत दिलेल्या फोटोत वाघ नाही. हा फोटो हिराबाईंना विचारून, कॅमेऱ्याला घड्याळ लावून एकदाच काढलेला आहे. वाघोबाचा दगड आहे, मृगाचे तारे आहेत, पुढं खिरीनं भरलेलं लखलखीत पातेलं आहे. आणि पलीकडे झाडाच्या बुंध्याशी एक लहान वाटी दिसेल, तीही भरलेली. ती कांडेचोराची. दुसऱ्या वर्षापासून हिराबाई ती वेगळी काढतात.

लिहू का, असं मी त्यांना विचारायला गेलो होतो. दारात शेळी बांधलेली होती, त्या तिला पाला घालत होत्या. लिवा म्हणाल्या. मी गाडीला किक मारली तशी त्यांनी मागून हाक मारली.

"भाऊ, दुसऱ्या दिशी पोटभर दिली व्हती. तेवडं इसरू नगा लिवायला."

दुसऱ्या दिवशी पोटभर दिली होती.